गूळ खाणारे पाणी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर माझ्या बहिणी उभ्या असतील. उंच, सडपातळ, अंगावर रेघा आणि आकडे असलेल्या. त्यांना हात लावला की बाई ओरडतात. मी त्यांच्यातलीच एक जुनी मोजनळी आहे. माझ्यात एक लिटर पाणी मावते. माझ्या काचेवरचे निम्मे आकडे आता पुसले गेले आहेत आणि तोंडाशी एक टवका उडाला आहे. पण माझे आयुष्य बहिणींसारखे प्रयोगशाळेत गेले नाही. ते गेले खराडीच्या एका सहा मजली संगणक कंपनीच्या तळघरात, संडासातून येणाऱ्या पाण्याच्या संगतीत. लगेच नाक मुरडू नका. मला नाक नाही, नाहीतर सुरुवातीला मीही मुरडलेच असते.

दोन हजार नऊ साली मी बुधवार पेठेतल्या एका उपकरणांच्या दुकानात भुशाच्या खोक्यात पडून होते. दुकानाचे मालक दिगंबरपंत गिऱ्हाइकाकडे चष्म्यावरून पाहत आणि गिऱ्हाईक आले म्हणजे आपल्यावर संकट आले असे तोंड करत. एके दिवशी पस्तिशीचा एक सावळा, काटक माणूस दुकानात आला. त्याचे नाव ज्ञानदेव. तो वाशीम जिल्ह्यातला होता आणि आयटीआय करून कामासाठी पुण्यात आला होता.

"एक लिटरची मोजनळी पाहिजे जी."

"कुठलं कॉलेज?" दिगंबरपंतांनी विचारले.

"कॉलेज नाही. संडासाच्या पाण्यासाठी पाहिजे."

"त्याला काच कशाला? बादलीनं मोजा."

"मोजाचं नाही साहेब. पाहाचं हाये."

"पाहा," दिगंबरपंत म्हणाले. "पण पाहून झाल्यावर परत आणू नका."

बहिणी कुणी वाडिया कॉलेजात, कुणी गरवारे कॉलेजात गेल्या, आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळून खराडीच्या बसमध्ये बसले. खोटे कशाला सांगू, मला फार अपमान वाटला होता.

त्या इमारतीचा थाट मात्र वेगळा होता. ती 'हरित इमारत' म्हणून बांधली होती. तिच्या भिंतींतून पाण्याच्या दोन वेगळ्या नळ्या वर जात. एक पिण्याच्या पाण्याची. दुसरी जांभळ्या रंगाची, जिच्यावर जागोजागी लिहिले होते, 'हे पाणी पिण्यासाठी नाही'. हात धुतलेले, संडासातून वाहून आलेले सगळे पाणी तळघरातल्या हौदांत येई. तिथे ते स्वच्छ होई, गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढे आणि जांभळ्या नळीतून पुन्हा संडासात फ्लशसाठी उतरे. विचार करा मित्रांनो, ज्या शहरात उन्हाळ्यात लोक हंडे घेऊन टँकरमागे धावतात, तिथे पिण्यासारखे पाणी संडासात ओतायचे हे कुठले शहाणपण? त्या इमारतीत रोज चाळीस हजार लिटर चांगले पाणी वाचत होते.

आणि हे पाणी स्वच्छ कोण करत असे? यंत्र? यंत्र फक्त हौदात हवा सोडत असे. खरे काम करणारे होते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. ते घाण खाऊन जगत. रोज सकाळी अकरा वाजता ज्ञानदेव हौदातले तपकिरी, फेसाळ पाणी माझ्यात भरे, मला टेबलावर ठेवी आणि समोर स्टुलावर बसे. बरोबर अर्धा तास. हळूहळू गाळ खाली बसू लागे आणि वर नितळ पाणी दिसू लागे. गाळ तीनशेच्या रेघेवर थांबला की तो समाधानाने मान हलवी. जिवाणू धडधाकट आहेत, हे त्याला माझ्याकडूनच कळे. डॉक्टर नाडी बघतो, तसा तो मला बघत असे. पहिल्या महिन्यातच माझा अपमान कुठल्या कुठे पळाला.

ज्ञानदेवची बायको कौशल्या त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर सफाईचे काम करी. दुपारी ती डबा घेऊन तळघरात येई. सगळ्या इमारतीत हवेशीर कँटीन सोडून हौदांच्या शेजारी बसून जेवणारे हेच दोघे. त्यांना एक मुलगी होती, रुपाली. ती गावी, ज्ञानदेवच्या भावाकडे राहून शाळेत जात होती. पुण्यात दोघेही ठेकेदाराकडे कामाला. आज आहेत, उद्या नाहीत. खोली दहा बाय दहाची, तीही दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर वाटून घेतलेली. तिथे पोरीला कुठे आणणार? म्हणून दर रविवारी फोन आणि वर्षातून एकदा भेट.

इमारतीची सगळी व्यवस्था आमोद सर पाहत. ते सदाशिव पेठेतले. कौतुक करतानाही ते चिमटा काढल्याशिवाय राहत नसत. पण माणूस शब्दाचा पक्का होता. त्यांनी ज्ञानदेवला सांगितले होते, "एक वर्ष पाणी असं ठेव. तपासणी होऊन हरित इमारतीचं पक्कं प्रमाणपत्र आलं, की तुला कंपनीत कायम करतो. राहायला मागच्या बाजूची खोली देतो. मग मुलीला आण. गावी ठेवून काय तिचा पुतळा उभारणार आहेस?"

त्या दिवशी ज्ञानदेवने मला तीनदा धुतले. कौशल्या आली तेव्हा तो म्हणाला, "पाचवीले रुपाली इथं. लिहून घे."

"तोंडानं काय लिहू?" ती म्हणाली, पण तिचा घास हातातच राहिला होता.

तेव्हापासून त्या दोघांचे सगळे आयुष्य त्या तपासणीच्या तारखेला टांगलेले होते. आणि म्हणून माझेही.

मित्रांनो, जिवाणूंची एक अडचण असते. इमारतीत माणसे नसली की घाण येत नाही आणि घाण आली नाही की ते उपाशी मरतात. दिवाळीत कंपनी पाच दिवस बंद राहिली. सगळे आपापल्या घरी गेले. ज्ञानदेव मात्र गेला नाही. तो रोज पातेल्यात गूळ विरघळवून हौदात सोडायचा. जवळच्या मांजरी गावातल्या गेनबांच्या गोठ्यातून शेण आणून पाण्यात कालवून तेही घालायचा. गेनबा म्हणायचे, "शेण नेतोस, गूळ नेतोस, पूजा हाय का काय तुझ्याकडं?" कौशल्याही त्या दिवाळीत गावी गेली नाही. भाऊबिजेच्या दिवशी ती हौदाच्या कठड्याशी उभी राहून गुळाचे पातेले बघत होती.

"तुमच्या या लेकरायले गूळ," ती म्हणाली, "अन् आपल्या लेकीले?"

"याहीले जगवलं तर तिले आणता येते ना," ज्ञानदेव म्हणाला. या लेकरांना काय मारते, हे त्याने तिला त्या दिवशी सांगितले असते तर! पण घाणीचे बोलणे तो बायकोजवळ फारसे करत नसे. आपण संडासाचे पाणी सांभाळतो याची त्याला कुठेतरी लाज होती.

त्याने सांगितले ते फक्त सफाईच्या मुकादमाला, भीमरावांना. संडास धुताना अ‍ॅसिड आणि फिनेल वापरायचे नाही, साधा साबण वापरायचा. भीमरावांनी बायकांना रांगेत उभे करून हुकूम सोडला, "अ‍ॅसिडला हात लावायचा नाही. ऑर्डर आहे." का लावायचा नाही, ते कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बायकांना वाटले, साहेब लोकांची काटकसर.

ते वर्ष माझे सर्वांत सुखाचे होते. पाहुणे आले की आमोद सर मला वरच्या स्वागतकक्षात न्यायला लावत. माझ्यातले नितळ पाणी बघून कोट घातलेली माणसे "अरे वा" म्हणत. "पिऊन दाखवू नका," आमोद सर म्हणत, "आमच्याकडे चहा आहे." सगळे हसत. ज्ञानदेव दाराशी उभा राहून ऐके आणि मला परत खाली नेताना दोन्ही हातांनी छातीशी धरी.

तपासणी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ठरली. तपासणीला नम्रता मॅडम येणार होत्या. शुक्रवारी अकरा वाजता गाळ बरोबर तीनशेवर बसला. ज्ञानदेव म्हणाला, "झालं." शनिवारी तो दिवसभर गच्चीवरची टाकी घासत राहिला, माझ्याकडे आलाच नाही.

आता ऐका, काय झाले ते. शनिवार-रविवार कंपनीला सुट्टी असे. कौशल्याला सुट्टी होती, पण ती घरी बसली नाही. पाहुणा यायचा म्हटले की घर सारवायचे, ही तिची लहानपणापासूनची सवय. नवऱ्याच्या पाण्याची परीक्षा आहे आणि ते पाणी ज्या भांड्यांत उतरणार ती भांडी पिवळट कशी चालतील? बांधकामाच्या वेळचे फरशी घासायचे अ‍ॅसिड चौथ्या मजल्याच्या कोठीत पडून होते. तिने चंपा नावाच्या मैत्रिणीला बरोबर घेतले आणि दोघींनी शनिवारी दिवसभर, रविवारी दुपारपर्यंत, सहाही मजल्यांचे संडास अ‍ॅसिड आणि फिनेलने घासून काढले. कुणी सांगितले नव्हते. एक दिवस हुकूम मोडला तर काय होते, काटकसर नंतर करू, असे ती चंपाला म्हणाली. इमारतीत माणसे नव्हती, दुसरे पाणी नव्हते. सगळे अ‍ॅसिड जसेच्या तसे हौदात आले.

रविवारी ज्ञानदेव उशिरा, चार वाजता आला आणि त्याने माझ्यात पाणी भरले. पाणी राखाडी होते. अर्धा तास झाला, गाळ बसला नाही. पाऊण तास झाला. वर पांढरट गढूळपणा तरंगत राहिला. तो हौदाकडे धावला, वाकून वास घेतला आणि खाली बसला. मग तो जिन्याने वर गेला. थोड्या वेळाने तो परत खाली आला.

त्याच्या मागोमाग कौशल्या उतरली. हाताची बोटे अ‍ॅसिडने सोललेली, पदर ओला, पण चेहरा असा फुललेला की मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती.

"पाह्यलं का वर? तोंड दिसते त्याच्यात, इतकं चकाचक केलं! उद्या तुमच्या मॅडमनं बोट दाखवाले जागा ठेवली नाही मी."

ज्ञानदेवने माझ्याकडे पाहिले. माझ्यातले मेलेले पाणी तिच्यापासून दोन हातांवर होते. मला वाटले, आता तो सांगेल. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते. तो म्हणाला, "पाह्यलं. लय छान केलं."

"मग तोंड काहून असं?"

"काही नाही. उद्याची धास्ती."

ती गेली आणि तो मांजरीला गेला. दोन पाट्या शेण आणि गुळाची ढेप घेऊन आला. सगळे हौदात कालवले. पण जिवाणू पुन्हा वाढायला तीन आठवडे लागतात. हे त्याच्याइतके चांगले कुणाला ठाऊक होते?

सोमवारी नम्रता मॅडमनी चौथ्या मजल्यावर फ्लश दाबला. त्या झगझगीत पांढऱ्या भांड्यात राखाडी, घाण वास येणारे पाणी उतरले. त्या खाली आल्या. ज्ञानदेवने मला भरून त्यांच्यासमोर ठेवले. त्याने काही लपवले नाही. अर्धा तास त्या माझ्यासमोर बसल्या.

"काय झालं हो?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"पाणी मेलं, मॅडम."

त्या गेल्यावर आमोद सर टेबलाशी येऊन उभे राहिले. "हे पाणी आहे की कालची सोलकढी?" ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "ज्ञानदेव, अ‍ॅसिडचा वास मलाही कळतो. कोणी टाकलं, त्या बाईचं नाव सांग. तिला आज घरी पाठवतो, मॅडमना तसं पत्र लिहितो, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मागतो. तुझं काही जाणार नाही. खोलीचंही ठरलंय तसंच राहील."



"कोणी नाही सर," ज्ञानदेव म्हणाला. "मीच टाकलं. हौदाची भिंत धुवाची होती."

"वर्षभर गूळ घालणारा माणूस अ‍ॅसिड घालतो?"

"चुकी झाली."

आमोद सरांना ते खरे वाटले नव्हते, हे मी शपथेवर सांगते. पण ते म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे."

दुपारी कौशल्या डबा घेऊन आली तेव्हा ज्ञानदेव आपले कपडे पिशवीत भरत होता. तिने कपाळाला हात लावला. "तुमच्या पाण्यानंच घात केला, बापा! माह्या चौथ्या मजल्यावर तं एक डाग नव्हता. मॅडमनं म्हटलं बी."

"हो," तो म्हणाला. "तुयं काम एकदम चांगलं होतं."

तो मला धुऊन, पालथी घालून गेला. दुसरा माणूस आला, त्याला ना गूळ ठाऊक ना अर्धा तास बसणे. पाण्याचा वास येत राहिला. वरच्या लोकांनी तक्रारी केल्या. शेवटी दोन्ही नळ्यांना जोडणारा व्हॉल्व्ह उघडला आणि जांभळ्या नळीत टँकरचे गोडे पाणी सोडले. वास गेला. तक्रारी गेल्या. पुढच्या वर्षी कागद नीटनेटके गेले आणि प्रमाणपत्रही आले. ते चौकटीत घालून स्वागतकक्षात लावले. माझी रवानगी कपाटात झाली. माझ्यात कुणी तरी पेने ठेवायला लागले, मग जुन्या चाव्या. त्यातल्याच एका चावीने माझ्या तोंडाचा टवका उडवला.

पण याहून वाईट गोष्ट मी रोज बघत होते. ज्ञानदेवला दुसरे काम मिळाले ते मांजरीच्या एका विहिरीवरच्या टँकरवर. तोच टँकर आमच्या इमारतीत येई. ज्या माणसाने रोज चाळीस हजार लिटर पाणी वाचवले, तोच आता विहिरीचे गोडे पाणी संडासात ओतण्यासाठी जाडजूड पाइप खांद्यावर घेऊन तळघरात उतरे. कपाटाच्या काचेतून मला तो दिसे. त्याने माझ्याकडे कधीच पाहिले नाही.

दोन वर्षांनी नम्रता मॅडम पुन्हा आल्या. कागदांवर त्यांचा विश्वास नव्हता बहुतेक. त्यांनी आमोद सरांना हौद पुन्हा सुरू करायला आणि पाणी जिवंत झाले की तो व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले. सफाईच्या सगळ्या बायकांना तळघरात बोलावले. मला कपाटातून काढले, चाव्या ओतून टाकल्या, पुसले आणि हातात धरले.

"यात भरतो त्या पाण्यात जीव असतात," त्या म्हणाल्या. "तेच आपलं पाणी स्वच्छ करतात. अ‍ॅसिड, फिनेल संडासात ओतलं की ते मरतात. एका दिवसात सगळे. म्हणून साबण वापरायचा. मागे असंच झालं होतं. इथल्या ऑपरेटरनं चुकून हौदात अ‍ॅसिड टाकलं आणि बिचाऱ्याची नोकरी गेली."

बायकांच्या रांगेत कौशल्या होती. तिच्या शेजारी चंपा. चंपाने तिचा दंड घट्ट धरला.

"एका दिवसात?" कौशल्याने विचारले.

"हो ताई. का?"

"काही नाही. समजलं."

सगळ्या वर गेल्या. कौशल्या गेली नाही. ती माझ्याजवळ टेबलाशी उभी राहिली, टँकर येईपर्यंत. ज्ञानदेव पाइप ओढत आत आला आणि तिला पाहून थांबला.

"मी मारले होय ते?" तिने विचारले.

त्याने पाइप खाली ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याला सगळे कळले.

"तुले माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तू माह्यासाठीच केलं होतं. तुयं नाव कसं सांगू मी?"

"सांगाचं होतं!" तिचा आवाज हौदाच्या भिंतींवर आदळला. "माही नोकरी गेली असती. जाऊ देत होती मी! घरी बसली असती, भाकरी भाजल्या असत्या. तुमी राह्यले असते, खोली भेटली असती, पोरगी आली असती! मले एकदा तं इचाराचं होतं. तुमी मले वाचवलं अन् माही लेक घालवली."

हे ज्ञानदेवच्या मनात कधी आलेच नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. बायकोची अब्रू राखली, एवढ्या एका समाधानावर तो दोन वर्षे पाइप ओढत होता. तेही तिने त्याच्या हातातून काढून घेतले, आणि तिचे काही चुकले नव्हते.

"मागच्या सुट्टीत गेली होती मी," ती खाली बसत म्हणाली. "काकूले आई म्हणते ते आता. मले कौशल्याआई म्हणते. पाहुण्यासारखं पाणी आणून दिलं तिनं मले."

तो तिच्या शेजारी बसला. वरून टँकरवाला हाका मारत होता, पाइप लाव, पाइप लाव. आमोद सरांकडे जाऊन खरे काय ते सांगू, असे ती म्हणाली. तो म्हणाला, "आता कायले?" त्याचे खरे होते. ती खोली तेव्हाच दुसऱ्याला दिली होती आणि हौदावरचा माणूसही कायम झाला होता.

मित्रांनो, मी काच आहे. माझ्या पोटात जे असते ते बाहेरून सगळ्यांना दिसते. माणसांचे तसे नाही, म्हणून हे सांगते. कुणाला 'हे करू नकोस' म्हणाल, तेव्हा का करायचे नाही तेही सांगा. ज्या कामाची लाज वाटते त्याचे बोलणे घरात आधी करा. आणि आपल्या माणसाला वाचवायला निघालात, तर एकदा त्याला विचारा. गोड्या पाण्याची नासाडी करू नका, हे तर मी सांगायलाच हवे, ते माझे कामच आहे. पण पाणी पुन्हा जिवंत करता येते. तीन आठवडे लागतात, गूळ आणि शेण लागते, ते होते. आमचे पाणी आता पुन्हा नितळ येते आणि गाळ तीनशेवर बसतो.

रुपाली गेल्या उन्हाळ्यात दहावी झाली. चांगले गुण मिळाले. कौशल्या ते चंपाला सांगत होती, इथेच तळघरात, फडकी पिळताना. चंपाने विचारले, पोरीने फोन केला होता का? कौशल्या म्हणाली, "नाही. तिच्या आईनं कळवलं."